मळ्यात डिझेल साठवायचं तर स्वस्त कुठं मिळंल आणि राखायचं कसं?

रोटावेटर_वेंगुर्लारोड

राम राम मंडळी. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रोडपासून थोडं आत. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, रोटावेटर आहे, भात मळायचं मशीन आहे. घरची शेती थोडीच, बाकी भाड्याची कामं. सुगीत एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात, रात्री लाईट लावून सुद्धा. दरवेळी ट्रॅक्टर घेऊन पंपावर जायचं म्हणजे कामाचा तास मोडतो, म्हणून मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात २०० लिटरचं लोखंडी बॅरल ठेवलंय.

शेजारच्या गावच्या यात्रेदिवशी रात्री मळ्यात कोणी नव्हतं. सकाळी ड्रायव्हरनं ट्रॅक्टर काढला, बांधापर्यंत गेला आणि बंद. टाकी कोरडी. बॅरलातलं पण कमी झालंय म्हणतोय. किती गेलं म्हणून विचारलं तर ड्रायव्हर म्हणतोय पंधरा-वीस लिटर, धाकटा भाऊ म्हणतोय साठ तरी गेलं असणार. दोघं आता एकमेकांशी बोलेनात. डिझेल गेलं ते गेलं, घरात हे नवीन लफडं.

विचारायचं ते असं. पहिलं, पूर्वी महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगडकडची माणसं आमच्या पंपांवर रांग लावायची, कर्नाटकात स्वस्त म्हणून. आता ती दिसत नाहीत. मग आम्ही तिकडं जावं काय? दुसरं, एकजण कॅनमधून ७५ रुपयानं डिझेल देतो म्हणतोय. "कंपनीचा माल हाय, बिनधास्त घ्या." घ्यावं काय? तिसरं, बॅरल आणि टाकी राखायची कशी? मळ्यात वस्तीला माणूस ठेवायचा तर त्याचा पगार चोरीपेक्षा जास्त होतोय.

कोगनोळी_नाका

मी हायवेच्या पंपावर बरीच वर्षं मॅनेजरकी केली, आता सोडलीय. भावाचं आधी सांगतो.

तुमची आठवण बरोबर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकानं डिझेलचा कर सात रुपयांनी उतरवला. त्यानंतर निपाणी-कोगनोळीच्या पंपांवर कोल्हापूर, कागलच्या गाड्यांची जत्रा असायची. ट्रकवाले पुण्याहून येताना टाकी अर्धी ठेवूनच निघायचे. मग जून २०२४ मध्ये इथला विक्रीकर १४.३४ वरून १८.४४ टक्के झाला, लिटरला तीन रुपये वाढले. १ एप्रिल २०२५ ला तो २१.१७ टक्के केला, आणखी दोन रुपये. महाराष्ट्राचा मूळ दर पण २१ टक्केच. एवढ्यावर सीमेचा फायदा जवळजवळ संपला. तुमची चंदगडची माणसं रुसली नाहीत, हिशेब करून घरी बसली.

गोव्यात त्याहून दोन-तीन रुपयांनी कमी असतं. पण चोर्ला घाट उतरून दोनशे लिटर आणायला पिकअप पाठवलीत तर वाचणार चारशे-सहाशे, आणि जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरला गाडीच बारा-तेरा लिटर पिणार. म्हणजे हजाराच्या वर गेले, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. कोणी भाजी घेऊन जातच असेल आणि स्वतःची टाकी भरून येत असेल तर गोष्ट वेगळी.

७५ रुपयाच्या मालाला हात लावू नका. एवढ्या कमीत पंपाला सुद्धा परवडत नाही. तो माल एकतर ट्रकमधून काढलेला असतो, म्हणजे दुसऱ्याची चोरी तुम्ही विकत घेताय, नाहीतर बायोडिझेलच्या नावानं कसलंतरी औद्योगिक तेल असतं. ट्रॅक्टर दोन-चार दिवस चालतो, मग इंजिनाचा डिझेल पंप आणि नोझल घेऊन मेस्त्रीकडं जायचं. नोझलचा खर्च मेस्त्रीला विचारा, मग ७५ रुपये किती महाग ते कळंल.

स्वस्त पाहिजे असंल तर जवळचाच पंप धरा, पण माप बघून घ्या. प्रत्येक पंपावर वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, पाच लिटरमागं २५ मिलीपेक्षा जास्त तूट आली तर तो पंप चुकलाय. घनतेची नोंद पण बघायला मागा. बॅरल भरायच्या आधी एकदा मागितलंत की पुढच्या वेळी पोरगं नोझल नीट धरतं, हा माझा अनुभव आहे आणि मी पलीकडच्या बाजूला होतो.

साठवणीचं कायद्यात असं आहे की पेट्रोलियम कायद्यात डिझेल ब वर्गात येतं. एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. तुमच्या एका बॅरलची कसली भीती नाही. पेट्रोलचं तसं नाही, ते शेडात साठवू नका.

जांबोटीची_वहिनी

भाऊ, आमचा पण ट्रॅक्टर आहे आणि जनरेटर पण, कारण पावसाळ्यात इकडं एकदा लाईट गेली की केईबीवाल्यांना जंगलात लाईन शोधत फिरावं लागतं. घरचे बेळगावात नोकरीला असतात, मळ्याचं मीच बघते. म्हणून लिहिते, जरा लांबेल.

तुमच्या घरातलं भांडण मिटवायचं असेल तर आधी काठी करा. सरळ, गुळगुळीत लाकडाची पट्टी. उभ्या २०० लिटरच्या बॅरलात एक सेंटीमीटर म्हणजे साधारण अडीच लिटर, म्हणून त्यावर सेंटीमीटरच्या खुणा पुरतात. ट्रॅक्टरच्या टाकीचा आकार वाकडातिकडा असतो. ती एकदा रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत जा आणि दरवेळी दुसऱ्या पट्टीवर खाच पाडा. मग रोज काम संपलं की दोन्ही पट्ट्या घालायच्या आणि वहीत लिहायचं. आकडा, किती तास काम, सही. आमचा ड्रायव्हर आधी रागावला, "माझ्यावर विश्वास नाही काय" म्हणून. मी म्हटलं, अरे उद्या कमी भरलं तर तुझ्यावरच येणार, ही वही तुझी आहे. आता तो स्वतः लिहितो. रोटावेटरला तासाला किती लागतं ते पण वहीतनं कळायला लागलं, आणि एका शेतात जास्त लागलं तर ब्लेड झिजलेत हे कळतं. चोरी राहू दे, ह्यातच पैसे सुटतात.

आता टाकी. झाकणाला कुलूप सगळे लावतात. चोर झाकणाकडं बघत पण नाही. टाकीच्या खाली गाळ काढायचा नट असतो, तो सोडतो, नाहीतर फिल्टरकडं जाणारी नळी काढून कॅनमध्ये सोडून देतो. आम्ही खालच्या नटावर वेल्डिंगवाल्याकडून पट्टीची टोपी करून घेतली, तिला बारकं कुलूप. टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून धुतल्याशिवाय वेल्डिंग जवळ आणू नका, वाफेनं पेट घेते. नाहीतर क्लॅम्पची टोपी बोल्टवर बसवून घ्या. वरच्या तोंडात आतून जाळी बसवली की पाईप खाली जात नाही.

बॅरलला दोन बुचं असतात, मोठं आणि बारकं. दोन्हीला कुलूप पाहिजे, बारकं लोक विसरतात. बॅरल साखळीनं खांबाला. आणि शेडाबाहेर उघड्यावर उभं ठेवू नका. वर पावसाचं पाणी साठतं, रात्री गार झालं की बॅरल श्वास घेतल्यासारखं ते बुचातनं आत ओढतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हे हमखास. तळाला पाणी बसलं की त्यात काळी बुरशी धरते आणि फिल्टर चोंदतो. म्हणून विटांवर, थोडं कलतं ठेवा, दोन्ही बुचं एका पातळीत येतील आणि वरचं पाणी बुचांवर न थांबता खालच्या कडेला जाईल असं. काढायचा पंप तळापर्यंत घालू नका, चार बोटं वर ठेवा. काचेच्या बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवलं की खाली पाणी आहे का दिसतंच. जस्ताचा मुलामा असलेलं पिंप तर नकोच, डिझेलला ते चालत नाही.

कुत्रं पाळा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं वस्तीला यावं. बिबट्या कुत्रं ठेवत नाही. शेडाच्या दाराला म्हशीच्या गळ्यातली घंटा बांधली आहे, ती वाजली की घरात ऐकू येतं. मळा गावापासून लांब असेल तर सिमकार्डवरचा सोलर कॅमेरा घ्या, पण तिथं रेंज येते का ते आधी फोन घेऊन बघा. आमच्याकडं येत नाही.

आणि शेवटी, एवढं साठवताच कशाला? सुगी सोडून बॅरल अर्धंच ठेवा. यात्रा, लग्न, गणपती, गावात कोणी नसेल तेव्हा ट्रॅक्टर घरासमोर आणून लावा आणि टाकीत कामापुरतंच.

सीमेवरचा_पाटील

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की हे सुरू होतं. दुसरं कोण नाही, सरळ त्यांच्या खोपीत जाऊन बघा.

जांबोटीची_वहिनी

पाटील, यात्रेदिवशी मळ्यात कोणी नसतं हे टोळीच्या माणसाला कुठनं कळणार? आणि खालचा नट अंधारात शोधायला ट्रॅक्टरची माहिती लागते. दिवसभर कोयता चालवणारी माणसं रात्री कॅन घेऊन फिरतात हे मला पटत नाही. खोपीत घुसलात तर उलट केस तुमच्यावर.

कोर्ट_आवारातला

बेळगावात वकिली करतो. वहिनींच्या वहीला कायद्यानं पण जोर आहे, तेवढं सांगतो.

१ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. माल ५००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो अदखलपात्र आहे. म्हणजे ठाण्यात नोंद घेतील, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास नाही. डिझेल ९०-९१ रुपये धरलं तर पंचावन्न लिटरच्या आसपास ही रेघ येते. तुमचा ड्रायव्हर म्हणतो वीस, भाऊ म्हणतो साठ. आलं का लक्षात, कुठं फरक पडतो ते? तोंडी आकड्यावर फौजदार विश्वास ठेवणार नाही, रोजच्या नोंदीची वही आणि पंपाची पावती असेल तर ठेवेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माल ठेवायला वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं. तिथं रकमेचा प्रश्न नाही, गुन्हा दखलपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. उघड्या वावरात उभ्या ट्रॅक्टरमधून गेलं तर ३०३, शेडातल्या बॅरलातून गेलं तर ३०५. म्हणून तक्रारीत "शेडातून" हे स्पष्ट लिहा, शेडाचे, कुलपाचे, बॅरलाचे फोटो लावा.

आपल्याकडं फिर्याद कन्नडात लिहून घेतात. सही करायच्या आधी वाचून घ्या, समजत नसेल तर वाचता येणारा माणूस बरोबर न्या. लिटर आणि जागा बरोबर लिहिलीय का एवढं बघा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. माल पलीकडं शिनोळीच्या हद्दीत सापडला म्हणून "तिकडं जा" असं ठाण्यात म्हणाले, तर हद्द न बघता झिरो एफआयआर घ्यावी लागते हे त्यांना नम्रपणे सांगा. रात्री चोर दिसला तर ११२.

रोटावेटर_वेंगुर्लारोड

सगळ्यांचे आभार. ७५ वाल्याला नको म्हणून सांगितलं. तर त्यानं लगेच ७० केलं, त्यावरनंच समजलो. काठ्या सुताराकडं टाकल्यात. भाऊ म्हणतोय वही त्याच्याकडं, ड्रायव्हर म्हणतोय त्याच्याकडं. बहुतेक आईकडंच द्यावी लागंल. वहिनी, खालच्या नटाची क्लॅम्पची टोपी तयार मिळते काय, की करून घ्यायची?

जांबोटीची_वहिनी

तयार मिळाली नाही. खानापुरात गेट-खिडक्या करतात त्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. नटाचं माप घेऊन जा आणि कुलपाचं भोक आतल्या बाजूला ठेवायला सांगा, नाहीतर दगडानं फोडतात. वही आईकडं द्या, ते बरं.