गर्दीत कमरेला पिस्तूल? माझा साफ विरोध

खटावचा फौजी

परवा 'कृष्णाकाठ' यांनी इथं लिहिलं की टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं, म्हणून तिथला चोर हात घालायला धजत नाही. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडं कायदा पाळणारा मोकळ्या हातानं फिरतो आणि गुंडाच्या खिशात गावठी कट्टा असतो. म्हणून मागेल त्या सज्जनाला परवाना द्यावा आणि बाजारात, यात्रेत, एसटी स्टँडवर पिस्तूल घेऊन फिरू द्यावं. खाली नुसत्या टाळ्या पडल्यात. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी पायदळात नोकरी केली. निवृत्तीनंतर बँकेच्या रोकड गाडीवर दुनळी बारा बोअर बंदूक घेऊन उभा राहिलो. गर्दीत भरलेलं हत्यार घेऊन उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. समोरचा खिशात हात घालतो तो पाकिटासाठी की आणखी कशासाठी, हे ठरवायला डोळ्याचं पातं लवण्याएवढा वेळ असतो. चुकलात तर एक निरपराध माणूस जातो. पलटणीत आम्हाला याचं शिक्षण होतं, वर हुकूम देणारा होता आणि राउंड मोजून परत द्यावे लागत. पुसेगावच्या यात्रेत रथाच्या गर्दीत शंभर जणांच्या कमरेला पिस्तूल असेल तर तिथं हुकूम कोण देणार?

आणि टेक्सासचंच बघा. तिथल्या युवाल्डी गावात 24 मे 2022 रोजी शाळेत 19 पोरं आणि 2 शिक्षिका मेल्या. वेगवेगळ्या दलांचे मिळून 376 शस्त्रधारी तिथं पोचले होते. तरी खोलीत घुसून त्या माणसाला ठार करायला 77 मिनिटं लागली. 376 शिकलेल्या माणसांना जे जमलं नाही ते आठवड्यातून एकदा दारू पिणारा आपला शेजारी करणार का?

परवान्याचं हत्यार सज्जनाच्याच हातात असतं म्हणता? 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरात पोलीस ठाण्याच्या आत, निरीक्षकाच्या दालनात आमदारानं गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या रिव्हॉल्वरनं. पुढच्याच आठवड्यात दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला, ते पिस्तूल अंगरक्षकाचं, परवान्याचं. कट्टा कुठंच नव्हता.

विट्याचा गलाईवाला

फौजीदादा, तुमच्या नोकरीला सलाम. पण तुम्ही बंदूक घेऊन उभं राहिलात ते बँकेच्या पैशासाठी. माझ्या पैशासाठी कोण उभं राहणार?

आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली निम्मी घरं गलाईवर, म्हणजे सोनंचांदी गाळून चोख करण्याच्या धंद्यावर जगतात. तमिळनाडू, केरळ, पंजाब, कुठंही जा, सोन्याचांदीच्या भट्टीवर आपलाच माणूस बसलेला असतो. दिवसभर चोख करायचं, रात्री तेच उशाला घेऊन झोपायचं. माझ्या वडिलांना मिरज जंक्शनवरून गावी येताना पहाटे तिघांनी गाठलं. डोक्याला मार बसला, नंतर एका डोळ्यानं दिसेना. मी परवान्याचा अर्ज केला. चारित्र्य पडताळणी झाली, पोलिसांचा अहवाल गेला, आणि दोन ओळींचं उत्तर आलं: जीविताला धोका असल्याचं दिसून येत नाही. फुटलेला डोळा दिसला नाही वाटतं त्यांना.

2023 च्या जूनमध्ये सांगलीत मिरज रस्त्यावर भर दिवसा सराफी दुकान लुटलं. दरोडेखोर पिस्तूल घेऊन आले होते, त्यांना कुणी परवाना विचारला नव्हता. बडवानीतल्या उमर्टीचा कट्टा चोपड्यावरून महाराष्ट्रभर पोचतो हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तो आधी थांबवा, मग आम्हाला शहाणपण शिकवा.

आणि एक. परराज्यातला कुठला चोर पकडला की त्याच्या तोंडून आमचंच नाव काढतात. चोरीचं सोनं घेतलं म्हणून रात्री-अपरात्री माणूस उचलून नेतात, पावती दाखवली तरी ऐकत नाहीत. चोर लुटतो तो लुटतो, वर हे. यावर कधी धागा निघत नाही.

कोर्टकचेरी सातारा

गलाईचा जाच खरा आहे, त्यावर वेगळं लिहा, मीही लिहीन. इथं कायद्यापुरतं बोलतो.

1959 च्या शस्त्र अधिनियमात परवाना हा हक्क नाही. कारण पटलं तर जिल्हादंडाधिकारी देतात. मात्र नकार दिला तर कारणं लेखी मागता येतात आणि कलम 18 खाली अपील करता येतं. 'धोका दिसत नाही' एवढ्यावर बरेच जण घरी बसतात, तसं बसू नये.

आता बाळगण्याचं. 2016 च्या नियमांप्रमाणे परवाना असला तरी सार्वजनिक ठिकाणी हत्यार उघडं मिरवता येत नाही, ते म्यानात किंवा झाकलेलं हवं. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा आहे. तो वापरलेला मी आपल्या भागात फारसा पाहिला नाही.

कृष्णाकाठ

माझ्या पोस्टवर एवढं मोठं उत्तर आलं, बरं वाटलं. पण मुद्दा बाजूला गेला. 1878 चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आणला तो आपण उठू नये म्हणून. खुद्द गांधींनी 1918 मध्ये त्याचा धिक्कार केला होता. कर्नाटकात कुर्गातल्या कोडवा समाजाला आजही परवान्यातून सूट आहे, तिथं काही रोज मुडदे पडत नाहीत. आणि आपण कुठले? इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या मुलुखातले! 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली ती काय हात जोडून? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांकडं हत्यार होतं म्हणून गोरा साहेब इथं बिचकून होता. त्यांच्याच नातवंडांना आज सरकार म्हणतं, तुमच्यावर विश्वास नाही.

वाळव्याची लेक

प्रतिसरकारचं नाव इथं आणू नका. माझ्या आजोबांनी त्या काळात भाकरी पोचवल्यात, मी त्या गोष्टी ऐकत वाढले. कुंडलला प्रतिसरकारच्या तुफान सेनेची कवायत होत असे. शिस्त होती. हत्यार परक्या सत्तेविरुद्ध होतं आणि सत्ता गावाच्या पंचांची होती. दारू पिणाऱ्याला, बायकोला मारणाऱ्याला तेच शिक्षा करत. आज ज्यांच्या कमरेला पिस्तूल दिसतं ते कोण आहेत? वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारे, पिस्तूल दाखवत रील काढणारे. क्रांतिसिंहांशी त्यांचा काय संबंध?

माझ्या भाच्याच्या मांडीत छरे आहेत. वरातीत बारा बोअर उडवली, नळी खाली आली, पोरगं बँडच्या मागं नाचत होतं. माणूस वजनदार, परवाना पक्का. रात्री दहा जण घरी आले, ताई, चुकून झालं, पोराचा सगळा खर्च आम्ही करतो. माझ्या बहिणीनं सही केली. पोराला पावसाळ्यात अजून दुखतं. काका, दादा, तुम्ही सगळे चोराचं बोलताय. आमच्या घरी चोर नव्हता आला, पाहुणा आला होता.

विट्याचा गलाईवाला

ताई, वाईट वाटलं. पण त्या माणसाचा परवाना रद्द करा ना! त्याच्या पापाची शिक्षा मला कशाला?

पाटणखोरे

तुमचं पिस्तुलाचं चालू द्या, पर बंदूक म्हटली की आमचं पण ऐका. आमच्याकडं शेतीसंरक्षणाचा परवाना असायचा, ठासणीची बंदूक. आज्याची होती. आजा गेला, बंदूक ठाण्यात जमा केली. वारसा परवान्यासाठी वडिलांनी खेटे घातले, दाखला आणा, ना-हरकत आणा, भावांची संमती आणा. वडीलबी गेले. बंदूक तिथंच गंजत पडलीय.

चुलत्याची आहे अजून. तर 2024 ला दोन निवडणुका, दोन्ही वेळा जमा. विधानसभेची आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भात काढणीत. डुकरांना काय आचारसंहिता हाय का? एका रात्रीत वावर नांगरल्यागत करून गेली. भुईमूग तर आम्ही लावायचाच सोडला. गवे येतात ते कळपानं. रात्री माळ्यावर बसून डबे वाजवायचे, सकाळी परत कामाला.

कोर्टकचेरी सातारा

दादा, पण बंदूक असून मारणार काय? गवा आणि बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हात लावला तर तुरुंग. रानडुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते.

पाटणखोरे

मारतंय कोण? बार काढायचा! ठासणीचा बार झाला की खोरं दणाणतं, कळप आठ दिवस फिरकत न्हाय. सातारला खुर्चीत बसून 'मारणार काय' विचारू नका. बंदूक न्हाय म्हणून लोक काय करतात सांगू? कुंपणात थेट वीज सोडतात. डुकरं मरतात न मरतात, रात्री पाणी बघायला गेलेला घरचाच माणूस चिकटतो. नायतर गावठी बॉम्ब पिठात घालून ठेवतात, गाईचं तोंड फुटतं. पंचनाम्याला वनरक्षक येतो तवर उरलंसुरलं वाळून जातं.

शिराळ्याची मास्तरीण

पाटणच्या दादांचं शब्दन् शब्द खरं. चांदोलीच्या जंगलाच्या कडेला आमचीही तीच गत आहे. ऊसतोडीत फडात बिबट्याची पिल्लं निघतात, तोडकऱ्यांची लेकरं तिथंच पाचटावर झोपलेली असतात. संध्याकाळी शाळेतून पोरींना गटानं घरी पाठवावं लागतं. पण म्हणून मला पर्समध्ये पिस्तूल नको. उसातल्या बिबट्यावर घाबरून गोळी झाडली तर ती सरीपलीकडच्या माणसाला लागणार. रस्त्यावर दिवे द्या, एसटी वेळेत सोडा.

कृष्णाकाठ

बघा, म्हणजे शेतकऱ्याला बंदूक हवी हे सगळ्यांनीच मान्य केलं. माझंच म्हणणं झालं की मग.

खटावचा फौजी

अजिबात नाही! ठासणीची बंदूक आणि कमरेचं पिस्तूल एका मापात मोजू नका. ठासणीला दारू भरायची, गज ठासायचा, मग एक बार. तेवढ्यात माणसाचा राग उतरतो. ती मळ्यात राहते, बाजारात येत नाही. पिस्तूल लपवून नेतात ते माणसासाठीच.

शेतीची बंदूक वारसाला लवकर मिळाली पाहिजे, हे मला मान्य. निवडणुकीत सरसकट जमा करू नये, हेही मान्य. जिल्ह्याची छाननी समिती असते, बँकेच्या पहारेकऱ्याला सूट मिळते, तशी डोंगरातल्या शेतकऱ्याला का नाही?

पण कृष्णाकाठ, तुम्ही बीडचं एक अक्षर लिहिलं नाही. तिथं एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने निघाले. डिसेंबर 2024 च्या सरपंचाच्या खुनानंतर सरकारला ते तपासावे लागले, शंभरावर जणांचे रद्द करावे लागले. मागेल त्याला परवाना दिला की हेच होतं. शेतकऱ्याच्या ठासणीला वर्षं लागतात आणि पुढाऱ्याच्या मागं फिरणाऱ्याला आठवड्यात मिळतो. वशिला आहे त्याला पिस्तूल, हीच तुमची मुभा. नियम सैल केले की आधी तेच रांगेत उभे राहणार, पाटणचा दादा नव्हे.

कृष्णाकाठ

माझा मुलगा टेक्सासमध्ये राहतो. शेजारी सगळ्यांकडं पिस्तूल आहे. त्याला कधी कुणी नख लावलं नाही.

वाळव्याची लेक

देवानं त्याला सुखी ठेवावं. पण तुमच्या मुलाला कुणी नख लावलं नाही म्हणून आमच्या वरातीत पिस्तुलं वाढवायची का?

विट्याचा गलाईवाला

फौजीदादा, एक सांगा. मागल्या वेळी तुम्ही मला उत्तर दिलं नाही. माझ्या वडिलांनी काय करायचं होतं?

खटावचा फौजी

टाळत होतो, कारण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पहाटेच्या अंधारात, मागून, तिघं. पहिला फटका बसेपर्यंत हात कमरेला जात नाही. वडिलांकडं पिस्तूल असतं तर ते त्या तिघांकडं गेलं असतं, आणि पुढचा मुडदा त्याच पिस्तुलानं पडला असता. पिस्तूल नसल्यानं ते जिवंत राहिले असं मला वाटतं. रागवा हवं तर.

विट्याचा गलाईवाला

रागावलोच आहे. तुम्हाला पेन्शन आहे, हक्काचं घर आहे. आम्ही परमुलुखात भट्टीच्या धुरात आयुष्य काढतो. पण... वडीलही तेच म्हणतात, बरं झालं, पिस्तूल नव्हतं. ते म्हणाले म्हणून गप बसतो, तुम्ही म्हणालात म्हणून नाही. दुकानात ठेवायला परवाना मात्र मी मागणारच. रस्त्यावर नको, दुकानात. आणि अपीलही करणार, कोर्टकचेरीसाहेब, मसुदा बघून द्याल का?

कोर्टकचेरी सातारा

देतो. वडिलांच्या जखमेचा दाखला आणि त्या वेळची फिर्याद काढून ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण तो सिद्ध करताना वर्षं जातात, हेही समजून परवाना मागा.

वाळव्याची लेक

दुकानात ठेवा, माझी हरकत नाही. पण मसुदा करताना एक मागणी सरकारकडं माझीही लिहा. पोलीस अहवालात शेजाऱ्यांना विचारतात, सरपंचाला विचारतात. घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. कॅनडात परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात, नसेल तर अधिकारी तिला आधी कळवतात. नवरा पितो का, हात उगारतो का, रागात ताट भिरकावतो का, हे ठाण्यातल्या हवालदाराला माहीत नसतं, तिला असतं. तिला एकटीला विचारा, सासूसमोर नको, आणि ती नाही म्हणाली तर अर्ज तिथंच थांबवा.

कृष्णाकाठ

असं केलं तर निम्मे अर्ज पडतील.

वाळव्याची लेक

पडू द्यात.

पाटणखोरे

आमच्या घरात ती अट लावा, चालंल. बायकोच म्हणतीय कवाची, बंदूक सोडवून आणा म्हणून. रात्री माळ्यावर तीच बसती.