मदत हवी आहे : मराठी शब्दाच्या ठोकळ्यांत जोडाक्षर तुटतंय

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा, नोकरी सांभाळून एकट्यानेच पहिली-दुसरीच्या पोरांसाठी ब्राउझरमध्ये चालणारा शब्द जुळवायचा खेळ बनवतोय, मुलं स्वतःच शब्द टाकतात, त्याचे ठोकळे होतात, मग ते ओढून लावायचे. शब्द घरातलेच, भरीत, केळी, कळण्याची भाकरी. अडचण अशी की साध्या जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) शब्द तोडला तर काना-वेलांटी वेगळी पडते, म्हणून इंटल डॉट सेगमेंटर (Intl.Segmenter, शब्द अक्षराअक्षराने तोडणारी ब्राउझरमधलीच सोय) वापरलं, ते क्रोममध्ये आवृत्ती ८७ पासून आहे. नव्या फोनवर 'कळण्याची'चे क, ळ, ण्या, ची असे बरोबर चार ठोकळे होतात, पण जुन्या फोनवर 'ण्' आणि 'या' वेगळे येतात, कारण जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या लिहायचं ठरलेलं मानक) आवृत्ती १५.१ ला म्हणजे २०२३ ला आला. आणि आपल्या खेड्यापाड्यात पोरांच्या हातात आईबापाचा जुनाच फोन असतो ना, त्यांनाच चुकीचं अक्षर दिसावं हे मला अजिबात पटत नाही.

हलन्त (अक्षराचा पाय मोडल्याची खूण) दिसला की पुढचं व्यंजन जोडायचं असं स्वतः लिहावं का? पण 'वाङ्मय', 'ऱ्हास' किंवा मध्ये झेडडब्ल्यूजे (ZWJ, अक्षरं जोडायचं न दिसणारं चिन्ह) आलं तर काय करायचं? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, कोड ओपन सोर्सच ठेवणारे.