प्रॉक्सी लावूनही बंद साइट उघडत नाही, मदत हवी आहे

मंडळी, दोन रात्री डोकं खाजवून झालं, आता इथे विचारतोय.

आमच्या इंटरनेटवाल्याने बातम्यांची एक साइट बंद केली आहे. परदेशातल्या मित्राचा छोटा लिनक्स सर्व्हर आहे, त्याने त्यावर मला खातं काढून दिलं. टर्मिनलमध्ये एसएसएच डॅश डी १०८० असा बोगदा (त्या सर्व्हरपर्यंतचा कुलूपबंद रस्ता) काढतो आणि फायरफॉक्समध्ये सॉक्स (साइट दुसऱ्या मशीनमार्फत उघडायची प्रॉक्सीची एक पद्धत) होस्ट १२७.०.०.१, पोर्ट १०८० टाकतो. इथवर झकास. 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या पानावर मित्राच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, बाकीच्या साइट्सही उघडतात. पण जिच्यासाठी हा खटाटोप केला, नेमकी तीच नाही! सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) जुळत नसल्याचा इशारा येतो, आणि पत्त्यातलं एचटीटीपीएस (साइटशी कुलूपबंद जोडणी) काढून पाहिलं की तीच जुनी पाटी: 'ही साइट बंद करण्यात आली आहे'.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी यंत्रणा) बोगद्याबाहेरून जातंय का, म्हणजे डीएनएस गळती, ते तपासणाऱ्या पानावर गेलो, तर तिथे माझ्याच इंटरनेटवाल्याचं नाव. आयपी मित्राचा आणि डीएनएस घरचा, हे कसं काय?

दुसरी शंका: मित्राला माझं सगळं दिसतं का? माणूस चांगला आहे, पण तरी.

रातकिडा: एकच सांगा, सॉक्स व्ही४ निवडलंय की व्ही५?

धागाकर्ता: व्ही४. चालतंय म्हटल्यावर हात लावला नाही.

रातकिडा: सापडला चोर. सॉक्स ४ ला साइटचं नाव कळतच नाही, त्याला आयपी पत्ताच द्यावा लागतो. मग नावावरून पत्ता कोण शोधणार? तुमचं मशीन, आणि ते विचारणार तुमच्याच इंटरनेटवाल्याला. तो साइटच्या जागी आपल्या पाटीचा पत्ता देतो, आणि तुम्ही इमानदारीत बोगद्यातून त्या पाटीपर्यंत जाऊन येता. इशारा त्यामुळेच येतो, पाटीकडे त्या साइटचं सर्टिफिकेट कुठून असणार? व्ही५ निवडा आणि खाली 'सॉक्स व्ही५ वापरताना डीएनएस प्रॉक्सीमार्फत' या चौकोनात टिक करा. मग नाव जसंच्या तसं सर्व्हरपर्यंत जाईल आणि शोधाशोध तिकडे होईल.

आणि हो, ही सेटिंग फक्त फायरफॉक्सपुरती. त्याच मशीनवरची बाकीची ॲप्स सरळ रस्त्यानेच जात आहेत.

पोस्टखातं: मित्राबद्दल. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे त्याला बघायचं ठरवलं तर दिसेल. एचटीटीपीएस असेल तर आत काय वाचलंत, कोणता पासवर्ड टाकलात, ते नाही. इंटरनेटवाल्याला एकाच पत्त्याशी चाललेलं कुलूपबंद बोलणं दिसतं, किती डेटा गेला तेही दिसतं. म्हणजे भरवसा एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवलात, इतकंच. ओळखीचा माणूस असल्यामुळे मला तरी हे बरं वाटतं. मी एकेकाळी फुकट प्रॉक्सींच्या याद्या चाळायचो. त्यातल्या एकीवर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटचा इशारा यायला लागला, ईमेललासुद्धा. तुमच्याकडे एकाच साइटला येतोय, तो पाटीचा. सगळीकडे आला तर मधला माणूस पाकीट फोडून वाचायला बघतोय, तिथे 'धोका पत्करून पुढे जा' कधीच दाबू नका.

ओळखच लपवायची असेल तर टॉर, म्हणजे रहदारी अनेक मशीनमधून फिरवत नेणारं जाळं. त्यात साधारणपणे तीन टप्पे असतात: पहिल्याला तुम्ही कोण ते माहीत, शेवटच्याला कुठे चाललात ते माहीत, दोन्ही एकाला माहीत नसतं. टॉरच अडवलं असेल तर टॉर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ब्रिज (टॉरमध्ये शिरायचे आडमार्ग) आहेत. त्यातला स्नोफ्लेक बघा, त्याची रहदारी बाहेरून व्हिडिओ कॉलसारखी दिसते. मात्र टॉरमधून स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलंत तर त्या साइटपुरता सगळा खेळ खलास.

उंबरठा: तुमच्याकडे या गोष्टींना कायद्याने बंदी आहे का तेवढं बघा. काही देशांत आहे. आणि मित्रालाही विचारा, सर्व्हर त्याच्या नावावर आहे.

धागाकर्ता: रातकिडा, पाय कुठे आहेत? व्ही५, टिक, फायरफॉक्स बंद करून पुन्हा चालू केला आणि साइट उघडली! गळतीच्या पानावर आता घरचं नाव नाही. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तू काय वाचतोस ते बघायला मला वेळ नाही, फक्त सिनेमे ओढू नकोस."