डोसिंग पंपातून एका रात्रीत ४०० मिलिलिटर व्हिनेगर रीफ टँकमध्ये गेले आहे. तातडीने मदत हवी आहे

धागाकर्ता : समुद्रफेस

सर्वांना नमस्कार. काल रात्री माझ्या रीफ टँकमध्ये (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) डोसिंग पंपातून, म्हणजे ठरलेली मात्रा आपोआप सोडणाऱ्या पंपातून, रोजच्या मात्रेच्या तीसपटीहून अधिक व्हिनेगर गेले असून आज सकाळपासून पाणी दुधाळ झाले आहे आणि मासे धापा टाकत आहेत. पुढच्या काही तासांत काय करावे, आणि त्याहीपेक्षा काय करू नये, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

टँक पुण्यात घरीच आहे. मुख्य टँक आणि खालचा संप (गाळणीची यंत्रे असलेली टाकी) मिळून प्रत्यक्ष पाणी सुमारे ४०० लिटर आहे, तापमान २६ अंश आणि लवणता दर हजारी ३५. प्रवाळांमध्ये झोआंथिड, लेदर, मशरूम आणि झेनिया एवढेच आहेत. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्या वाटेला मी गेलेलो नाही. त्याशिवाय क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग, एक गोबी आणि एक क्लीनर कोळंबी आहे. नायट्रेट लिटरला १० आणि फॉस्फेट ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. व्हिनेगर खाऊन वाढणारे जिवाणू नायट्रेट वापरतात, म्हणून ते त्याहून वर जाऊ नये यासाठी स्वयंपाकघरातले साधे पांढरे, ४ टक्के आम्लाचे व्हिनेगर मी पंपाने दिवसभरात थोडे थोडे करून १२ मिलिलिटर देत असे.

काल रात्री वीज गेली. ती परत आल्यावर पंपाचे वेळापत्रक पुसले गेले आणि तो डबा रिकामा होईपर्यंत चालूच राहिला. सकाळी पाहिले तेव्हा टँकची मागची काच दिसत नव्हती, टँग पृष्ठभागाशी तोंड लावून होता, आणि गोबी एरवी वाळूवर असतो तो चक्क वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) झोतासमोर येऊन थांबला होता. पीएच ७.६ आहे, सकाळी तो साधारण ७.९ असतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, जी डीकेएच या एककात मोजतात) ८.२ वरून ७.६ डीकेएचवर आली आहे. झेनिया पूर्ण आखडली आहे आणि लेदर मिटले आहे.

पंपाची पिन काढली आहे, हवेचा एक पंप सुरू केला आहे, वेव्हमेकर वर वळवले आहेत आणि खोलीच्या खिडक्या उघडल्या आहेत. खाणे दिलेले नाही. पीएच वर आणण्यासाठी खाण्याचा सोडा घालावा का, तयार असलेले ६० लिटर खारे पाणी लगेच बदलावे का, ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी लावल्याने व्हिनेगर शोषले जाईल का, आणि दिवे बंद ठेवावेत का, असे प्रश्न माझ्यापुढे आहेत. मासे घेतो त्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याविषयीही मत हवे आहे.

प्रतिसाद : भरतीओहोटी

आपण आतापर्यंत केलेले सर्व योग्यच आहे. पीएच आणि अल्कलिनिटीचे आकडे मात्र तूर्त बाजूला ठेवावेत, कारण टँकला धोका आहे तो प्राणवायूच्या तुटवड्याचा.

४०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सुमारे १६ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असते, आणि जिवाणूंनी ते पूर्ण जाळले तर त्याला सुमारे १७ ग्रॅम प्राणवायू लागतो. २६ अंशांच्या समुद्री पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरला ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, म्हणजे आपल्या संपूर्ण टँकमध्ये कोणत्याही क्षणी तो २.७ ग्रॅमपेक्षा अधिक नसतो. सगळेच आम्ल जळत नाही, बराचसा कार्बन जिवाणूंच्या शरीरात जातो, हे धरले तरी मागणी साठ्याच्या कितीतरी पट आहे. तो फरक हवेतून, पृष्ठभागावाटेच भरून निघणार आहे. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सतत फुटत राहील एवढे एकच काम आज करायचे आहे. हवेचा आणखी एक पंप मिळाला तर तो मुख्य टँकमध्येच लावा, कारण वीज गेली की संपातली हवा माशांपर्यंत पोहोचत नाही. टँकवर झाकण असल्यास काढावे, मात्र मासा बाहेर उडू नये म्हणून जाळी टाकावी. तापमान एखाद्या अंशाने हळूहळू खाली आणता आले तर तेही उपयोगी पडेल.

दिवे बंद करू नयेत. प्रवाळांतील शैवाल प्रकाशात प्राणवायू सोडते, आणि तो आज गमावण्याचे काहीच कारण नाही. प्रवाळ ताणात आहेत म्हणून तीव्रता थोडी कमी करणे पुरेसे आहे. खरी परीक्षा रात्री आहे, कारण दिवे गेल्यावर शैवालही प्राणवायू वापरू लागते आणि जिवाणू तर थांबतच नाहीत.

पेरॉक्साइडचा हिशेब पाहा. ३ टक्क्यांचे १० मिलिलिटर घातले तर त्यातून सुमारे ०.१४ ग्रॅम प्राणवायू मिळतो, म्हणजे लिटरला ०.३५ मिलिग्रॅम. एवढ्यासाठी कोळंबी आणि झेनिया पणाला लावू नयेत.

धागाकर्ता : समुद्रफेस

मनःपूर्वक आभार. दुसरा पंप शेजाऱ्यांकडून मिळाला असून तो मुख्य टँकमध्ये लावला आहे. आता अडचण अशी की स्किमर (पाण्यात हवा मिसळून फेसासोबत घाण काढणारे यंत्र) वेड्यासारखा फेस करत असून कप काही मिनिटांत भरून वाहतो आहे. तो बंद करावा का? अल्कलिनिटीविषयीही मन शांत होत नाही. ती आणखी घसरली तर सोडा न घालता बसून राहणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद : खडकवासी

स्किमर कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. टँकमध्ये हवा मिसळणारे आपल्याकडचे सर्वांत समर्थ यंत्र तेच आहे, आणि पाण्यात तरंगणारे जिवाणू बाहेर काढण्याचा मार्गही तोच आहे. कप सांभाळणे अशक्य झाले तर कप काढून ठेवा आणि फेस संपातच पडू द्या; जिवाणू बाहेर येणार नाहीत, पण हवा मिसळत राहील. रात्री तसेच ठेवा आणि दिवसा कप लावून ओला, पातळ फेस काढत राहा. त्यासोबत जेवढे खारे पाणी जाईल तेवढे मोजून परत भरा, नाहीतर टॉप-ऑफ (पाण्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा) गोडे पाणी घालत राहील आणि लवणता उतरेल.

आता अल्कलिनिटी. आपल्या टँकमध्ये गेलेल्या आम्लाने बायकार्बोनेट सुमारे १.९ डीकेएचने घटायला हवे होते, पण किट ०.६ चीच घट दाखवते आहे, याचे कारण किटमधले आम्ल पाण्यातल्या ॲसिटेटलाही मोजून बसते. म्हणजे आजचा आकडा खरा नाही. महत्त्वाचे असे की जिवाणू ॲसिटेट खातात तेव्हा त्याच्या जागी बायकार्बोनेट परत तयार होते, त्यामुळे गेलेली अल्कलिनिटी पुढच्या काही दिवसांत बहुतांशी आपोआप भरून येते. आज सोडा घालून ८.२ गाठलेत तर ती परतफेड वर चढेल आणि प्रवाळांना दुसरा धक्का बसेल. पीएच सध्या खाली आहे तो मुख्यतः विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. हवा खेळती राहिली की तो वायू निघून जाईल आणि पीएच स्वतःच वर येईल. तो ७.५ च्या खाली जाऊ लागला, तरच चुन्याचे निवळलेले पाणी थेंबाथेंबाने सोडण्याचा विचार करावा.

ॲक्टिव्हेटेड कार्बन ॲसिटेटसारखे लहान, पाण्याला घट्ट धरणारे रेणू फारसे शोषत नाही. लेदर आणि झेनिया ताणात असताना पाण्यात जे सोडतात त्यासाठी छोटी पिशवी लावायला हरकत नाही, पण व्हिनेगर त्यात अडकेल ही अपेक्षा ठेवू नका. यूव्ही दिवा असल्यास सुरू करा. पाणी लवकर निवळते.

६० लिटर पाण्याबद्दल माझे मत कदाचित इतरांहून वेगळे आहे. ते बदलल्याने टँकमधले १५ टक्केच ॲसिटेट जाईल. त्याऐवजी ते स्वच्छ टबमध्ये हवा लावून, २६ अंशांवर तयार ठेवावे. रात्री टँगची धाप वाढली तर त्याला तिथे हलवता येईल. टँग जातीला प्राणवायू जास्त लागतो आणि आपल्या टँकमध्ये पहिला बळी तोच पडू शकतो. पाणी बदलायचेच असेल तर नवे पाणी घाईत कालवून ओतू नका, किमान रात्रभर फिरू द्या. आणि काल वीज गेली होती हे लक्षात ठेवून आज बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टरची जोडणी अंधार पडण्यापूर्वी तपासून घ्या.

धागाकर्ता : समुद्रफेस

रात्र निभावली. पहाटे टँग पुन्हा वर आला होता, परंतु टबमध्ये हलवण्याची वेळ आली नाही. पीएच ७.८ पर्यंत आला आहे, मागची काच धूसर का होईना दिसू लागली आहे आणि कोळंबीने कात टाकली आहे. झेनियाचा एक गुच्छ मात्र वितळला. संपात पांढऱ्या चिकट झिल्ल्या धरल्या आहेत. आता पुढे कशावर लक्ष ठेवावे आणि व्हिनेगर पुन्हा कधी सुरू करावे?

प्रतिसाद : भरतीओहोटी

वितळलेली झेनिया आणि झिल्ल्या बारीक नळीने ओढून आजच बाहेर काढा. तिथेच कुजल्या तर पुन्हा प्राणवायू खातील. आता ते ६० लिटर पाणी वापरायला हरकत नाही.

यापुढचा धोका उलट दिशेचा आहे. एवढ्या कार्बनवर वाढलेल्या जिवाणूंना नायट्रेट अंदाजे लिटरला ६ मिलिग्रॅम लागेल, आणि फॉस्फेट तर आपल्या ०.०६ च्या कितीतरी पट लागेल, म्हणजे फॉस्फेट आधी संपेल. दोन्ही शून्यावर जाऊन राहिली की मऊ प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर बुडबुडे धरणारी तपकिरी डायनोफ्लॅजेलेट (एक प्रकारचे सूक्ष्मजीव) पसरतात, आणि ती घालवणे व्हिनेगरपेक्षा फार जिकिरीचे असते. म्हणून रोज एकदा दोन्ही मोजा, फॉस्फेट शोषणारे माध्यम लावले असेल तर काढा, आणि मासे नीट खाऊ लागल्यावर खाणे कमी ठेवण्याचा अट्टहास करू नका.

व्हिनेगर पाणी पूर्ण निवळेपर्यंत, अल्कलिनिटी स्थिर होईपर्यंत आणि नायट्रेट पुन्हा वाढायला लागेपर्यंत देऊ नये. दिलेच तर पूर्वीच्या १२ मिलिलिटरवर न जाता २ पासून सुरू करून आठवड्यागणिक वाढवावे. पंपाच्या डब्यात तीन-चार दिवसांपुरतेच व्हिनेगर भरावे, म्हणजे सगळे एकदम गेले तरी टँक ते पचवू शकेल. डबा नळीच्या तोंडापेक्षा वर ठेवू नये, कारण तो वर असेल तर पंपातला नळी दाबणारा रोलर झिजल्यावर सायफन बसून पंप बंद असतानाही डबा रिकामा होतो.