बाखमुत: नेमकी किती माणसं गेली आणि कशासाठी?

शंकासुर

मंडळी, युक्रेन युद्धाबद्दल जरा नीट वाचायला घेतलंय आणि बाखमुतपाशी येऊन गाडी अडकलीये. शहर केवढं, तर युद्धाआधी सत्तरएक हजार वस्तीचं. शेजारी सोलेदारच्या मिठाच्या खाणी, शहराखाली जुन्या जिप्समच्या खाणीत स्पार्कलिंग वाइनचा कारखाना, बाकी बाहेरच्या जगाला त्याचं नावही माहीत नव्हतं. ऑगस्ट २०२२ ते मे २०२३ तिथे लढाई चालली आणि शेवटी वॅग्नरवाल्यांनी (रशियाच्या बाजूने लढणारं खासगी सैन्य) झेंडा लावला तेव्हा लावायला धड छप्पर शोधावं लागलं असेल. हे सगळं कशासाठी? आणि माणसं नक्की किती गेली? एका ठिकाणी वाचलं एकास पाच (म्हणजे एका युक्रेनियनामागे पाच रशियन), दुसरीकडे एकास सात, तिसरीकडे भलतंच. कोणी जाणकार सांगेल का? "युद्ध वाईटच असतं" छाप प्रतिसाद नकोत प्लीज, ते माहितीये.

नकाशेवाला

नकाशा उघडून बसा. बाखमुत म्हणजे रस्त्यांचा जंक्शन, पश्चिमेला चासिव यारची उंच जागा, तिथून पुढे क्रामातोर्स्क, स्लोव्हियान्स्क ही मोठी शहरं. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाने सेवेरोदोनेत्स्क, लिसिचान्स्क घेतलं तेव्हा पुढची पायरी हीच होती, इझ्यूमकडून दुसरा हात आणायचा आणि मधली शहरं मुठीत धरायची. पण सप्टेंबरमध्ये युक्रेनने खारकिवच्या बाजूला धडक मारली, इझ्यूम परत घेतलं, आणि तो दुसरा हातच गेला. म्हणजे बाखमुत घेण्याचं मूळ कारण सप्टेंबरातच संपलं होतं आणि लढाई चालू राहिली मे पर्यंत! पुढे कारणं बदलत गेली. वॅग्नरचा मालक प्रिगोझिन, त्याला रशियन लष्कराच्या नाकावर टिच्चून एक विजय हवा होता, युक्रेनसाठी तो "बाखमुतचा किल्ला" झाला, झेलेन्स्की २० डिसेंबरला स्वतः तिथे गेले आणि सैनिकांनी सही केलेला झेंडा दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेत देऊन आले. आता असा झेंडा दिल्यावर कुठला सेनापती उठून म्हणणार की चला, मागे सरकू?

एकास पाच हा अंदाज नाटोच्या एका अधिकाऱ्याचा, मार्च २०२३ मधला. एकास सात म्हणणारे युक्रेनच्या सुरक्षा परिषदेचे सचिव डॅनिलोव्ह. दोन्ही आकडे चालू लढाईत बाहेर आलेले, त्यामुळे मिठाच्या खड्यासोबत घ्या (सोलेदारच्या म्हणत नाही).

खवट_म्हातारा

जंक्शन म्हणे. त्या जंक्शनमधून आता जातं कोण?

पानगळ

शंकासुर, तुमच्या किती-च्या प्रश्नाचं त्यातल्या त्यात पक्कं उत्तर एका बाजूचं मिळतं, वॅग्नरचं. मे २०२३ मध्ये प्रिगोझिन स्वतःच कॅमेऱ्यासमोर म्हणाला की बाखमुतमध्ये माझी २० हजार माणसं मेली, साधारण अर्धे कैदी आणि अर्धे कंत्राटी. तेव्हा सगळ्यांना वाटलं हा काहीतरी फेकतोय. मग जून २०२४ मध्ये मीडियाझोना ही स्वतंत्र रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसीच्या रशियन विभागाने वॅग्नरची कागदपत्रं छापली, मेलेल्यांच्या घरच्यांना दिलेल्या पैशांचा हिशेब. त्यात बाखमुतच्या लढाईतले मृत १९,५४७ आणि त्यातले कैदी किती, तर १७,१७५. म्हणजे एकूण आकडा जवळपास खरा सांगितला आणि अर्धे-अर्धे ही थाप. थाप कुठे मारली ते बघा.

हे कैदी कसे आले तेही बघण्यासारखं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात प्रिगोझिन तुरुंगाच्या मैदानात उभा राहून सांगायचा, सहा महिने लढा, जगलात तर माफी, आणि तिथे पोचून नको म्हणालात तर गोळी. याचा व्हिडिओच फुटला होता सप्टेंबरमध्ये. गळ्यातल्या बिल्ल्यावर कैद्यांचा नंबर "का" या रशियन अक्षराने सुरू व्हायचा, वसाहत म्हणजे तुरुंग-छावणीचं पहिलं अक्षर. लहान लहान गट करून पुढे धाडायचे, समोरून गोळीबार झाला की मशीनगन कुठे आहे ते कळतं, मग तिथे तोफा लावायच्या, मग पुढचा गट. लोक याला मूर्खपणा म्हणतात, मला तसं वाटत नाही, ती पद्धत होती, आणि चालली म्हणून वापरली. ज्यांच्यासाठी घरी कोणी आवाज उठवणार नाही अशीच माणसं शोधून आणली होती. क्रास्नोदार भागातल्या बाकिन्स्काया गावाबाहेर वॅग्नरचं कबरस्तान आहे, त्याचे सॅटेलाइट फोटो महिन्यागणिक बघितले तर ओळी वाढत जाताना दिसतात.

रात्रपाळी

पानगळ यांचा प्रतिसाद चांगला आहे पण युक्रेनच्या बाजूबद्दल सगळे गप्प बसतात ते खटकतं. बाखमुतपुरता त्यांचा आकडा त्यांनी दिलेलाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये झेलेन्स्कींनी दोन वर्षांचा सगळ्या आघाड्यांवरचा मिळून ३१ हजार मृत असा आकडा दिला, तो कमी आहे असं म्हणणारे बरेच होते.

आणि फक्त मेलेलेच का मोजायचे? मी वैद्यकीय क्षेत्रातली, त्यामुळे माझं लक्ष जखमींकडे जातं. हात किंवा पायातून रक्त वाहायला लागलं की टुर्निके आवळतात, तो पट्टा जीव वाचवतो हे खरं, पण दोनेक तासांत माणूस सर्जनच्या टेबलावर पोचेल असं गृहीत धरून. बाखमुतमध्ये शेवटचे काही महिने आत-बाहेर करायला खरोमोव्हे गावाकडचा एक रस्ता आणि शेतातल्या चिखलाच्या वाटा एवढंच उरलेलं, तेही रशियन तोफांच्या टप्प्यात, त्यामुळे जखमीला हलवायचं तर अंधार पडायची वाट बघायची. पट्टा सहा-सहा तास तसाच राहिला की खालचा स्नायू मरतो, आणि मग तो सोडला तर मेलेल्या स्नायूतलं सगळं विष रक्तात उतरून किडनी बसते. म्हणजे सर्जनपुढे पाय कापण्याशिवाय काही राहत नाही, कधीकधी मूळ जखम तेवढी मोठी नसतानाही. ही माणसं एकास पाच मध्ये कुठे बसतात?

आणि सामान्य लोक! मार्च २०२३ मध्ये उपमहापौर म्हणत होते की अजून चारेक हजार माणसं आत आहेत. वीज नाही, पाणी नाही, गॅस नाही, तळघरात लोखंडी शेगडीवर मोडक्या फर्निचरची लाकडं जाळून शेक घ्यायचा. बाखमुतका नदीवरचे पूल उडवल्यावर लोक फळ्या टाकून पलीकडे जायचे, पाण्यासाठी आणि फोन चार्ज करायला.

शंकासुर

@रात्रपाळी, हेच कळत नाही मला, ती माणसं निघून का नाही गेली? नेण्यासाठी पोलिसांच्या गाड्या येत होत्या ना?

रात्रपाळी

येत होत्या. व्हाइट एंजल नावाची पोलिसांची पथकं चिलखती गाड्या घेऊन दारोदार जायची. पण राहिलेले बहुतेक म्हातारे. कोणाची अंथरुणाला खिळलेली बायको, कोणाची म्हैस म्हणा कुत्रा म्हणा, कोणाला पेन्शनवर दुसऱ्या शहरात भाडं परवडणार नाही, आणि काही जण रशियाची वाट बघणारेही होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. काही आईबाप तर पोलिस आले की मुलांना लपवायचे, त्यामुळे सरकारला मार्चमध्ये मुलांना सक्तीने हलवायचा नियम करावा लागला. आपण स्क्रीनवर बघून "वेडे आहेत" म्हणतो, पण आधी आठ महिने रोज आज नाही तर उद्या थांबेल असं वाटत असताना निघायचा दिवस नक्की कुठला ठरवायचा?

कावळा_उवाच

मी जरा उलटं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. युक्रेनने सोडून द्यायला हवं होतं असं सगळे सुचवतायत. सोडलं असतं तर पुढचं बाखमुत चासिव यार झालं असतं, त्यानंतर कोस्त्यांतिनिव्का. मागे सरकल्याने माणसं वाचतातच असं नाही, फक्त पुढच्या शहरातली मरतात. आणि वॅग्नर तिथे इतकी पोखरली गेली की जूनमध्ये प्रिगोझिनने बंड करून थेट मॉस्कोकडे गाड्या वळवल्या, दोन महिन्यांत विमान कोसळून संपला.

नकाशेवाला

@कावळा_उवाच, मुद्दा मान्य, पण अर्धाच. वॅग्नरने खर्च केले कैदी आणि युक्रेनने त्यांच्यासमोर काही काळ आपल्या मुरलेल्या ब्रिगेड उभ्या केल्या. २०२३ च्या जूनमध्ये दक्षिणेला प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा तिथे बऱ्याच नव्या, कमी अनुभवाच्या ब्रिगेड होत्या आणि सुरुंगांच्या पट्ट्यात अडकल्या. एकास पाच जरी खरं धरलं तरी तो एक कोण होता हे विचारायला नको? आठ वर्षं लढलेला सार्जंट परत तयार करायला आठ वर्षंच लागतात राव.

खवट_म्हातारा

पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली व्हर्दंची लढाई आठवतेय का कोणाला? १९१६, फेब्रुवारी ते डिसेंबर, दोन्ही बाजूंचे मिळून तीनेक लाख मेले. तेव्हाही जर्मनांचा सेनापती फाल्केनहाइन नंतर म्हणाला की आम्हाला गाव नकोच होतं, फ्रेंचांचं रक्त आटवायचं होतं. हरलेल्याला नंतर असलं काहीतरी सुचतंच. तिथल्या दुओमाँच्या अस्थिगृहात १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांची हाडं एकत्र ठेवलीयेत, दोन्हीकडची, खिडकीतून दिसतात.

शंकासुर

मग बाखमुतच्या अनोळखी लोकांचं काय होतंय? त्यांचं कोणी मोजतंय का?

पानगळ

मोजतायत, पण फार हळू. युक्रेनच्या बेपत्ता लोकांच्या नोंदवहीत २०२५ मध्ये ७० हजारांवर नावं होती, सगळ्या आघाड्यांची मिळून, सैनिक आणि सामान्य दोन्ही. शहर रशियाकडे असल्यामुळे ढिगाऱ्यात जाऊन शोधता येत नाही, जे काही मिळतं ते मृतदेहांच्या अदलाबदलीतून. जून २०२५ मध्ये इस्तंबूलला झालेल्या रशिया-युक्रेन बोलण्यांनंतर एका महिन्यात सहा हजारांवर मृतदेह परत आले. प्रत्येकाचा डीएनए काढून घरच्यांच्या नमुन्याशी जुळवायचा, त्यात महिनेच्या महिने जातात. युक्रेनच्या गृहमंत्र्यांनीच सांगितलं होतं की एकाच माणसाचे अवयव वेगवेगळ्या पिशव्यांतून, कधी वेगवेगळ्या अदलाबदलीतून येतात. त्यामुळे घरच्यांना आधी विचारावं लागतं, आत्ता जेवढं मिळालंय तेवढ्यावर अंत्यसंस्कार करताय, की बाकीचं येईपर्यंत थांबताय.