रिकाम्या पाइपवर पहारा कशाला?

गंजका व्हॉल्व्ह: काल इथं 'खजिनदार विश्रामबाग' यांनी लिहिलं की ड्राय रायझरमध्ये, म्हणजे आगीच्या वेळी बंबानं खालनं पाणी चढवायच्या कोरड्या उभ्या पाइपात, पाणीच नसतं, त्याला आतल्या हवेचं प्रेशर पडलं की बोंबलणारा प्रेशर स्विच न् पॅनेल लावणं म्हणजे रिकाम्या घराला कुलूप. डोक्यातच गेलं. अहो पाणी नसतं म्हणूनच लावायचं की ओ. कायम पाणी भरलेला वेट रायझर गळला तर जिन्यात थेंब पडतात, गेज उतरतो, कुणीतरी बोंबलतंच, पण कोरडी लाइन मधनं कापून भंगारात घातली तरी आग लागेपर्यंत पत्ता नाही. न्यूयॉर्कला २००७ मध्ये डॉइश बँकेची बिल्डिंग पाडताना आग लागली, तळघरातला पाइप आधीच तोडलेला, वर पाणी चढलंच नाही, दोन फायरमन गेले. मग तिथं काम चालू असलेल्या बिल्डिंगांत कोरड्या लाइनीत हवा भरून ठेवायची सक्ती झाली, प्रेशर पडलं की अलार्म.

खजिनदार विश्रामबाग: न्यूयॉर्कवाले मेंटेनन्स भरत असतील. आमच्यात २२ फ्लॅट, ९ जणांचं थकलंय. शेजारच्या बिल्डिंगीत लावलंय पॅनेल, कुठंतरी बारीक हवा सुटती, रात्री दोनला बझर. आठव्या दिवशी वॉचमननं त्यात चिंधी कोंबली. जानेवारी-जुलैला आगीची यंत्रणा ठीक असल्याचा फॉर्म बी देतो आम्ही, बास.

बंबावरचा माणूस (रिटायर): फॉर्म बी गेटवर चहा पिऊन पण होतो साहेब. लाइनीत पाणी कधी चढवलंय का? ब्रिटिश पद्धतीत वर्षाला एकदा १२ बार प्रेशरनं, अमेरिकेत ५ वर्षांनी २०० पीएसआयला २ तास. आणि आधी गच्चीवर जाऊन बघा, टाकीला जोडलेली असली तर तो वरनं खाली पाणी येणारा डाऊनकमर, ड्राय रायझर नव्हं.

गावभागकर: २०१९ च्या पुरात आमचा इनलेट, बंबाचा होज जोडायचं खालचं तोंड, पाण्याखाली, कॅपा आधीच चोरीला. पूर ओसरल्यावर सगळे मीटर न् लिफ्टमागं. वर्षानं मी तळचा ड्रेन खोलला, थेंब नाही, नुसता चॉकलेटी गाळ, काडीनं उकरून काढला, त्यात गुटख्याची पुडी. पण खरं सांगू, तुमचा स्विच असता तरी वाजला नसता, लाइटच नव्हती.

गंजका व्हॉल्व्ह: लाइट आल्यावर तरी बोंबलला असता ना! वर्षभर गाळ घेऊन बसला नसता.

तिसरा मजला: स्विच राहू द्या, आमच्यात इनलेटसमोर बारा महिने पांढरी बोलेरो. बंब आला तर होज काय तिच्या काचेतनं नेणार?

खजिनदार विश्रामबाग: पांढऱ्या बोलेरो सांगलीत शंभर आहेत.

तिसरा मजला: मागच्या काचेवर 'आईची कृपा' असलेली एकच आहे, काका.

खजिनदार विश्रामबाग: तू जोशीबाईंच्या वरचा काय रे? तुझी कुंडी लँडिंग व्हॉल्व्हच्या, मजल्यावर पाणी घ्यायच्या तोटीच्या, बॉक्सला टेकलीय, ती आधी हलव. मला पार्किंग अलॉट करताना तूच हात वर केलावतास!

तिसरा मजला: कुंडी एका हातानं सरकती. बोलेरो सरकती का?

गावभागकर: आमच्यात तर तिथं गणपतीचा मांडव. काढा म्हटलं तर धर्मावर येतात.

बंबावरचा माणूस (रिटायर): पोरांनो, पाइपाचं चाललं होतं.

खजिनदार विश्रामबाग: बरं बाबा, तुम्हीच शहाणे. रविवारी पाणी चढवून बघू. कुणाचा सोफा भिजला तर बिल गंजक्या व्हॉल्व्हच्या नावावर. स्विचचं कोटेशन टाका, बघतो म्हटलंय, लावतो म्हटलेलं नाही.

तिसरा मजला: शनिवारी रात्रीच गाडी काढून ठेवा म्हंजे झालं.