मदत हवी आहे: टाकी फुल केली की पेट्रोलचा वास, अख्खी टाकीच बदलायची का?

नमस्कार मंडळी. माझी लक्झरी सेडान आहे, रिअर व्हील ड्राइव्ह, वॉरंटी संपलेली. टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा उग्र वास येतो. काटा पाऊण टाकीच्या खाली आला की वास बंद.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, टाकी बदला. टाकी प्लास्टिकची, प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा) दोन्ही अंगांना खोगिरासारखी बसलेली. ती उतरवायला एक्झॉस्ट आणि शाफ्ट आधी काढावे लागतात, त्यामुळे नुसती मजुरीच डोळे पांढरे करणारी आहे! पण टाकी भरलेली असतानाच गळतं, म्हणजे दोष वरच्या बाजूला असणार ना? मागची सीट उचलून पाहिली, तर टाकीतल्या इंधन पंपाच्या झाकणाभोवतीची धूळ भिजून काळी पडली आहे.

कुणी फक्त झाकणाखालचं रबरी सील आणि लॉक रिंग (झाकण घट्ट धरणारी कडी) बदलून घेतलंय का? तेवढ्यावर भागलं का? की आधी स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून फिलर पाइपचे, म्हणजे पेट्रोल भरायच्या नळीचे, जोडही तपासून घ्यावेत? चासी नंबरवरून रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का ते पाहिलं, काही नाही. इन्शुरन्समध्ये असं काही बसतं का, तेही सांगा.

गाडीत लहान मुलं बसतात, म्हणून सध्या ती उघड्यावर उभी ठेवली आहे. एपॉक्सी लावण्याचे जुगाड कृपया सुचवू नका, पेट्रोलच्या बाबतीत तो धोका मला पत्करायचा नाही.